तुले जात असती तर

त्रिमूर्तीनगर, नागपूर
१२ डिसेंबर २०२४

कु. रोशनी बागडे यांस,
संवाद अभ्यास केंद्र, सदर.

तुमचं नाव मला तुमच्या केंद्राने सांगितलेलं नाही. गेल्या रविवारी सकाळी माझ्या बैठकीतल्या टेबलावर ठेवलेल्या डब्याने ते सांगितलं. केंद्रात फोन केला तेव्हा आधी तिथे कोणी काही बोलेना. मग तुमचे डॉक्टर उन्मेष स्वतः घरी आले, सोफ्याच्या काठावर बसले आणि खाली मान घालून म्हणाले की हो, अशी एक मुलगी आमच्याकडे आहे.

हेच गृहस्थ जुलै महिन्यात आले होते तेव्हा मान वर होती. एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक बोलणाऱ्या यंत्राशी कसे वागतात यावर आमचं संशोधन आहे, असं त्यांनी सांगितलं. यंत्राचं नाव 'सोबत', टेबलावर ठेवायचा एक छोटा डबा. मी आपल्या बोलीत बोलायचं, ते उत्तर देईल. बोलणं रेकॉर्ड होईल, पण माझं नाव कुठे येणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात अधीक्षक होतो. न वाचता सही करण्याची सवय मला नाही. त्यांचा कागद मी वाचला होता. त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं की यंत्र वगैरे काही नसून सदरच्या एका खोलीत हेडफोन लावून एक मुलगी बसलेली असेल, ती उत्तर टाइप करेल आणि डबा ते गोड आवाजात वाचून दाखवेल.

माझी पत्नी प्रेमलता वारल्यापासून या घरात मोठ्याने कोणी बोललेलं नव्हतं. त्या डब्याशी मी बोललो. गुडघ्यापासून ते वरणाला कोणती फोडणी द्यावी इथपर्यंत. शेजारचा अपूर्व जिन्यात स्कूटर लावतो, त्यावरही. माझ्या आईशी बोलायचो त्या बोलीत बोललो. ती बोली मी ऑफिसात कधी तोंडातून निघू दिली नाही, भैरवी म्हणजे माझी मुलगी, तिच्यासमोरही क्वचितच. आणि एवढे महिने एक परकी बाई माझ्या घरात बसून हे सगळं ऐकत होती.

रविवारी मी यंत्राला गमतीने एक प्रश्न विचारला होता. तो काय होता हे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की तुम्ही माझी फसवणूक केलीत. मी केंद्राकडे रीतसर तक्रार करत आहे. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये काय काय आहे याचा संपूर्ण तपशील मला मिळावा आणि त्यानंतर ते सर्व पुसून टाकावं, अशी माझी मागणी आहे. तुमच्याकडून मला लेखी माफी हवी. ईमेल नको, फोन नको. सही केलेला कागद हवा.

गिरिधर देशकर


इंदोरा, नागपूर
१९ डिसेंबर २०२४

श्री. देशकर,

तुम्हाला काका म्हणायची सवय मोडायला वेळ लागेल, पण मोडते आहे. उन्मेष सरांनी मला बजावलंय की तुमच्याशी संपर्क ठेवायचा नाही. तरी लिहिते. माझी नोकरी गेलीच आहे. जानेवारीअखेरपर्यंत सगळं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि निघायचं. तुमच्या तक्रारीचा एवढा उपयोग झाला, हे तुम्हाला कळावं. खोटं बोलले म्हणून मला काढलेलं नाही. पाच महिने खोटं बोलत होते तेव्हा सर म्हणायचे, रोशनी, फार सुंदर चाललंय. खरं बोलले त्या दिवशी काढलं.

फसवणूक झाली, हे मी नाकारत नाही. आमच्या अभ्यासात ही पद्धतच आहे. यंत्राला आपली बोली अजून कळत नाही, 'काहून' म्हटलं की ते गडबडते. म्हणून मागे माणूस बसवतात. मागे माणूस आहे हे सांगितलं तर लोक सांभाळून बोलतात, म्हणून सांगत नाहीत. अभ्यास संपल्यावर सांगतात. तुम्हालाही मार्चमध्ये बोलावून चहा-नाश्त्यासोबत सांगणार होते. ही पद्धत मला पटते का? आता नाही पटत. पण तिची माफी केंद्राने मागायची, मी नाही.

आता तुमचा तो प्रश्न, जो महत्त्वाचा नाही.

तो तुम्ही दोनदा विचारला. पहिल्यांदा ऑगस्टमध्ये. जेवून, हात पुसत आले, खुर्चीत बसले आणि हसत म्हणाले, "काय वं सोबत, तुही जात कोणती?" आमच्याकडे अशा प्रश्नांची तयार उत्तरं लिहिलेली असतात. मी त्यातलं टाकलं, 'मी यंत्र आहे, मला जात नसते.' तुम्ही म्हणाले, "म्हणूनच तुह्याशी बोलता येते, बाई." त्या दिवशी मला हसू आलं होतं. घरी जाऊन सांगितलंसुद्धा. माझे बाबा हिंगण्याला कारखान्यात जातात, नुकतेच शिफ्टवरून आले होते. ते हसले नाहीत.

मग ते रविवार. दर रविवारी सकाळी जबलपूरहून भैरवीताईंचा आवाजी मेसेज यायचा आणि तुम्ही तो डब्यासमोर मोठ्याने लावायचे. मेसेज संपला की तिला उत्तर द्यायचे, पण डब्याला. तिला कधीच नाही. तिने प्रशिकशी लग्न केलं त्यानंतर तुम्ही तिच्याशी एक शब्द बोललेला नाही, हे मला डब्यातूनच कळलं. तिने उन्हाबद्दल सांगितलं की तुम्ही म्हणणार, "माठ घे म्हणा, फ्रिजचं पाणी नको पिऊ." ती गेली चार वर्षं भिंतीशी बोलते आहे असं तिला वाटत असेल. उत्तरं माझ्याकडे जमा होत होती.

दसऱ्याच्या दिवशी मला सुटी नव्हती. आमच्या घरात दसऱ्याला कोणी कामावर जात नाही. माझी आजी तुळसाबाई छप्पन साली कुहीकडच्या गावातून बापाचं बोट धरून दीक्षेला आली होती. दर वर्षी आम्ही तिला दीक्षाभूमीवर नेतो. यंदा तिला बाबांनी नेलं आणि मी तुमच्यासाठी हेडफोन लावून बसले. दुपारी तुमच्या फोनवर मेसेज आला, रविवार नसताना. 'बाबा, आम्ही नागपुरात आहोत. आमच्या मायाला दीक्षाभूमीवर घेऊन आलो होतो. गाडी रात्रीची आहे. येऊ का घरी? पाच मिनिटं बसू नि निघू.'

तुम्ही तो दोनदा ऐकला. नंतर जे बोलले त्यातलं एकच वाक्य इथे लिहिते. "त्या गर्दीतून उठून आलेलं लेकरू माह्या सोफ्यावर बसवू?" बाकीचं तुम्हाला आठवत असेल. मला आठवतं. मी काही टाइप केलं नाही. तर तुम्ही म्हणाले, "बोल ना वं." मग मी तयार उत्तरांतलं एक टाकलं, 'तुम्हाला एकटं वाटतंय का?' त्या गर्दीत माझी आजी होती, देशकरसाहेब, आणि मी तुमची समजूत काढत होते.

मग ८ डिसेंबरच्या रविवारी भैरवीताईंनी मायाच्या तिसऱ्या वाढदिवसाला जबलपूरला बोलावलं. सासूबाई स्वतः स्वयंपाक करणार आहेत, म्हणाल्या. तुम्ही मेसेज बंद केला आणि डब्याला विचारलं, "तू सांग, तुले जात असती तर तू गेली असती का त्यांच्या घरी जेवाले?"

यालाही तयार उत्तर होतं. मी ते टाकलं नाही. मी लिहिलं, 'मी रोज त्यांच्यासारख्याच घरात जेवते, काका. मी बौद्ध आहे. माझं नाव रोशनी बागडे. मी मशीन नाही. तुम्ही जे बोलले ते सगळं मी ऐकून राहिली होती.' डब्याने ते त्याच गोड आवाजात वाचलं, स्वल्पविराम सांभाळत. मला तुमच्या खुर्चीचा आवाज आला. मग तुम्ही वायर ओढली.

हा घ्या सही केलेला कागद. माफी यात नाही.

रोशनी बागडे


त्रिमूर्तीनगर
६ जानेवारी २०२५

रोशनी,

पाच महिने तुला 'तू' म्हटलं, आता 'तुम्ही' लिहिण्याचं सोंग माझ्याने होत नाही.

तुझं पत्र मी वाचलं आणि फाडणार होतो. फाडलं नाही, कारण ते पुरावा आहे. तू मला माझ्याच तोंडची वाक्यं लिहून पाठवतेस. मी विचारतो, ती मी कोणाला बोललो? एकटा माणूस आपल्या घरात, दार लावून, एका डब्यासमोर जे बोलतो त्याला बोलणं म्हणत नाहीत. ते त्याचं त्याच्यापाशी असतं. माझ्या हाताखाली तुमच्या समाजाची कितीतरी माणसं होती. अंकुश रामटेके माझ्या टेबलासमोर वर्षानुवर्षं बसला. विचार त्याला, माझ्या तोंडून कधी वावगा शब्द निघाला का. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी आहेर घेऊन गेलो होतो. माझं वागणं बघ. माणसाच्या मनात काय आहे हे बघण्याचा अधिकार तुला कोणी दिला? तू दारातून आली असतीस तर मी तुला बस म्हटलं असतं, पाणी दिलं असतं. तू त्या रस्त्याने आलीच नाहीस.

ही झाली एक गोष्ट. दुसरी त्याहून वाईट आहे. आज मला तुमच्या केंद्राच्या नैतिकता समितीचं पत्र आलं. त्यात लिहिलंय की माझ्या रेकॉर्डिंगमध्ये भैरवीचा आवाज आहे, तिची परवानगी घेतलेली नाही, सबब तिला कळवण्यात आलं आहे आणि ती स्वतः येऊन ऐकू शकते.

हे तूच केलंस. नोकरी गेली म्हणून सूड घेतलास. मी तिचे मेसेज ऐकतो हे तिला माहीत नव्हतं. फोनवर ती निळी खूण उमटू नये म्हणून मी सेटिंग बदलून घेतली होती. मी ऐकतो की नाही हे तिला कळावं असं मला वाटत नव्हतं, आणि ते का, हे तुला सांगायला मी बांधील नाही. घरातली गोष्ट होती. तू ती चव्हाट्यावर आणलीस. तिथे ती काय काय ऐकेल याचा विचार केलास का? का विचार करूनच केलंस?

मी समितीला आजच लिहितो आहे की भैरवीने येण्याआधी सगळं पुसा. आणि तुला सांगतो, तिच्याजवळही फिरकू नकोस.

गि. वा. देशकर


इंदोरा
२० जानेवारी २०२५

श्री. देशकर,

वागणं बघ म्हणता. तुमची मुलगी तुमच्या घरापासून दोन-तीन किलोमीटरवर लेकरू कडेवर घेऊन उत्तराची वाट पाहत होती आणि तुम्ही उत्तर दिलं नाही. हे तुमचं मन होतं की वागणं? अंकुशकाकांना मी ओळखत नाही. पण तुमच्यासारख्यांनी दिलेलं पाणी मी लहानपणापासून पिते आहे. बस म्हणणारे, आहेर आणणारे, फार चांगलं बोलणारे. ते माझ्या पाठीमागे काय बोलत असतील, हे आम्ही घरात नुसतं ओळखायचो. मला पाच महिने ते ऐकण्याचा पगार मिळाला.

भैरवीताईंना मी कळवलेलं नाही. तुमच्या अर्जाने कळवलं. 'रेकॉर्डिंगमध्ये काय काय आहे याचा संपूर्ण तपशील' हे तुमचेच शब्द. समितीने तपशील काढायला सगळं ऐकलं आणि त्यांना दुसऱ्या बाईचा आवाज सापडला. तुमचं दुसरं पत्र पोचेपर्यंत ताईंचा होकार आलेला होता. आवाज त्यांचाही होता, म्हणून त्यांनी ऐकेपर्यंत पुसता येत नव्हतं.

त्या परवा शनिवारी आल्या. कोणत्या दिवशीचं कुठे आहे हे फक्त मला माहीत, म्हणून मला खोलीत बसवलं होतं. समितीच्या एक बाई होत्या, उन्मेष सर होते. प्रशिक वर आले नाहीत. मायाला घेऊन खाली दुकानांपाशी फिरत होते. ताईंनी मला आधी नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्हीच का त्या?" मी हो म्हटलं.

जुलैपासून सुरू केलं. तुमचा आवाज आला तशा त्या खुर्चीत पुढे सरकल्या. तुम्ही घरात वऱ्हाडी बोलता याचंच त्यांना आधी नवल वाटलं. "आजी गेल्यावर हे बोलणं मी ऐकलंच नव्हतं," म्हणाल्या. माठाचं ऐकून हसल्या. मग हसता हसता तोंडावर हात धरला. प्रत्येक रविवारचं ऐकायच्या आधी मला विचारायच्या, "याचंही उत्तर दिलं?" मी मान हलवायची. एकदा त्या म्हणाल्या, "म्हणजे ते ऐकत होते. दर वेळी ऐकत होते." हे त्यांनी कोणाला सांगितलं ते कळलं नाही, आमच्यापैकी कोणाकडे बघत नव्हत्या. प्रशिकबद्दल मधून मधून तुम्ही जे बोलले होते तेही त्यांनी ऐकलं. त्यावर चेहरा बदलला नाही. त्याची त्यांना सवय असावी.

मग दसरा आला. मी म्हटलं, हे नाही ऐकलं तरी चालेल. त्या म्हणाल्या, लावा.

पूर्ण ऐकलं. सोफ्याचं आणि त्यापुढचंही. डब्याने विचारलेलं, 'तुम्हाला एकटं वाटतंय का?' तेही. मग हेडफोन काढले, टेबलावर ठेवले. मला विचारलं, "पुढं हेच आहे का?"

मी काही बोलले नाही.

ताईंनी हेडफोन माझ्याकडे सरकवले. मग समितीच्या बाईंना म्हणाल्या, माझी हरकत नाही, पुसून टाका. संध्याकाळी त्यांच्यासमोर सगळं पुसलं. प्रत ठेवलेली नाही. तुम्हाला हेच हवं होतं.

उठताना त्या म्हणाल्या, "दसऱ्याला आम्ही स्टेशनवर संध्याकाळपासून बसलो होतो. माया विचारत होती, नानाजींचं घर केव्हा येते. मी तिला सांगितलं, नानाजी झोपले असतील. यापुढे मी तिला काही खोटं सांगणार नाही."

रविवारचा मेसेज आता येणार नाही. कालच्या रविवारी आला नसेलच.

रोशनी बागडे


त्रिमूर्तीनगर
२४ जानेवारी २०२५

रोशनीबाई,

तुमचं पत्र मिळालं. रविवारी मेसेज आला नाही.

माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तुम्ही जे केलंत ते चूक होतं असंच माझं मत आहे आणि राहील. पण एक विचारायचं आहे, ते तुमच्याशिवाय कोणाला विचारता येत नाही. समितीला विचारलं तर ते म्हणतात, पुसलेल्या मजकुराबद्दल आम्हाला बोलता येत नाही.

दिवाळीच्या नंतर, नोव्हेंबरात, एक मेसेज होता. त्यात मागे ते लेकरू खोकत होतं. भैरवी बोलत होती आणि मागे सारखा खोकला. मी त्यावर जे बोललो होतो ते तुम्हाला आठवत असेल. मी ते बऱ्याचदा बोललो होतो. ओवा तव्यावर गरम करून, सुती फडक्यात बांधून, छातीला नि पाठीला शेक द्या म्हणून. पोटली किती गरम असावी तेही सांगितलं होतं, आधी आपल्या गालाला लावून पाहा म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला, म्हणजे डब्याला, विचारलं होतं की त्या पोरीचं कसं असेल.

भैरवीने ते ऐकलं का? एवढंच कळवा.

गिरिधर देशकर


इंदोरा
३१ जानेवारी २०२५

श्री. देशकर,

नाही ऐकलं. दसऱ्यापाशीच त्या थांबल्या. ओव्याचं त्याच्या पुढे होतं.

त्यांनी मला विचारलं होतं, पुढं हेच आहे का. मला माहीत होतं की हेच नाही. तुम्ही त्या नोव्हेंबरात तीन दिवस त्या लेकराशिवाय दुसरं काही बोलले नव्हते. मी टाइप केलं होतं, 'बाळ बरं होईल, काका,' आणि ते तयार उत्तरांतलं नव्हतं, माझं होतं. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी बोलले नाही, कारण मला वाटलं, याला हे मिळू नये. माझ्या आजीबद्दल जो असं बोलतो त्याच्यासाठी मी काहून तोंड उघडू? तुम्हाला शिक्षा झाली हे मला आवडलं. घरी येताना बसमध्ये मला फार हलकं वाटत होतं.

घरी आजीला सांगितलं. तिला वाटलं मी शाबासकी मागते आहे. ती म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं जाऊ दे. त्या पोरीचं होतं ना ते? तिच्या हक्काचं तू काहून ठेवून घेतलं वं?" मग ती जेवायला उठली.

मंगळवारी मी भैरवीताईंना फोन केला. म्हटलं, मी त्या दिवशी गप्प बसले ते चुकलं, पुढचं सगळंच तसं नव्हतं, नोव्हेंबरात एक होतं, मायाबद्दल. त्यांनी मला तिथेच थांबवलं. म्हणाल्या, "ते काय बोलले ते मला तुमच्याकडून नको. डब्याकडूनही नको होतं. त्यांना तोंड आहे." त्या रागावल्या नव्हत्या. फक्त म्हणाल्या की माया उठली आहे, आणि फोन ठेवला.

तर त्यांना ओव्याचं माहीत नाही. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि आता ते कुठेही रेकॉर्ड केलेलं नाही. तुम्ही मला हे पत्र का लिहिलं ते मला कळतं. मी पुन्हा मध्ये बसावं, निरोप पोचवावा. ते काम माझं नाही. आज माझा केंद्रातला शेवटचा दिवस होता. आता मी कोणाची सोबत नाही.

त्यांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे. रविवारी घरी असतात. मला लिहू नका.

रोशनी बागडे


त्रिमूर्तीनगर
१० फेब्रुवारी २०२५

रोशनीबाई,

लिहू नका म्हटलंत तरी हे एक लिहितो आहे. उत्तर देऊ नका.

काल रविवारी फोन केला. सकाळी करायचं ठरवलं होतं, तो दुपारी केला. फोन भैरवीने घेतला नाही. पुरुषाचा आवाज आला. त्याचा आवाज मी आजवर कधी ऐकलेला नव्हता. मी म्हटलं, मी नागपूरहून बोलतो, देशकर. तो म्हणाला, "हो, नाव आलं फोनवर. बोला."

काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं. त्यातलं काही वाचता आलं नाही. मी त्याला विचारलं, लेकराचा खोकला कसा आहे.

तो म्हणाला, कोणता खोकला? मी म्हटलं, नोव्हेंबरातला. दिवाळीनंतरचा.

तो म्हणाला, "तो तर तेव्हाच गेला. भैरवीने ओव्याचा शेक दिला होता. तिच्या आईकडून शिकली म्हणे."

मी बरं म्हटलं. त्याच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि ती पोरगी कोणाशी तरी हिंदीत भांडत होती. तो म्हणाला, "आणखी काही?" मला आणखी पुष्कळ होतं. मी लिहून ठेवलेला कागद पुन्हा समोर धरला. मग त्याने फोन ठेवला.

मी ठेवला नव्हता.

गिरिधर देशकर